शकुबाई उंबरठ्यावर बसली

आमच्या गल्लीत शकुबाईएवढी भित्री बाई दुसरी नव्हती. पाल दिसली का खाटेवर चढे. खाकी कपड्यातला पोस्टमन आला तरी मले हाका मारे, "विमलाबाई, पाह्यजा वं, कोण आलं!" हिंगणघाटच्या बालवाडीत पोट्टे सांभाळणारी ही बाई. नवरा गेलेला, लेकरूबाळ नाई. भिंतीले भिंत लागून माहं घर, म्हणून तिच्या साऱ्या भेवाचा ताप माह्याच डोक्याले. मी चिडवून चिडवून थकली, पण ती काही सुधरली नाई बाप्पा.

अन् अशा बाईच्या घरी कोर्टानं ते काम आणून टाकलं! सुमित्रा नवऱ्याले सोडून आमच्याच गल्लीत माहेरी आलती. नवरा रूपराव, अल्लीपूरचा शेतकरी, खाऊन-पिऊन सुखी. पोरगी सुलोचना, सात वर्साची. वर्ध्याच्या कोर्टानं ठरवलं का पोरगी मायजवळ राहीन, पण दर रविवारी बाप तिले भेटन, तेही शकुबाईच्या घरात, शकुबाईच्या डोळ्यासमोर. सुमित्रानं तेव्हा तिथं यायचं नाई. शकुबाईच काऊन, तर ती ना त्याच्या नात्यातली, ना हिच्या. मी म्हटलं, "नाई म्हणून टाका ना!" तर म्हणे, "कोर्टाले नाई म्हणू? मले भेव वाटते वं."

रूपराव येई तो इस्त्रीचे कपडे घालून, हातात जिलबीचा पुडा. आवाज इतका मऊ का मले तोच खुपे. "काय म्हणते माही बेटी?" पोरगी तोंडातून शब्द काढत नसे. भिंतीले टेकून बसे, अन् चपला मांडीवर, फराकाखाली लपवून. साऱ्याइच्या चपला दाराबाहेर, हिच्या मांडीवर! किसनरावजी, आमच्या गल्लीतले जाणते, म्हणत, "मायनं शिकवून ठेवलं तिले." मले असा राग ये! अरे, शिकवलेलं लेकरू असं थरथरते का?

चपला बाहेर ठेव, असं शकुबाई तिले कधी म्हणाली नाई. पण दुसऱ्याच रविवारपासून ती स्वतः उंबरठ्यावर बसाले लागली. आता उंबरठ्यावर बसू नये, लक्षुमी परत जाते, म्हणून याच बाईनं मले किती वेळा उठवलं असन! विचारलं तर म्हणे, "मी दारात बसली का पोरगी जरा श्वास घेते."

सत्त्याऐंशी साली पोळ्याची आदली संध्याकाळ रविवारीच आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तेव्हा पोट्टे फिरवतेत तसा चाकं लावलेला लाकडी नंदी घेऊन रूपराव आला, किसनरावजीले संगं घेऊन. गल्लीच्या तोंडाशी जीप उभी.

"सणाले नेतो पोरीले," म्हणे. "तान्ह्या पोळ्याले नंदी फिरवीन अन् परवा आणून सोडतो."

किसनरावजी विरघळलेच. "तान्ह्या पोळ्याले लेकराले नाई कोण म्हणन? पोरीलेच विचारू ना." अन् विचारलं कुठं, तर बापाच्या पुढ्यात! "जातं का बेटा?"

रूपरावानं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीनं मान हलवली, हो म्हणून.

"पाहा, तिनंच सांगतलं!" किसनरावजी म्हणाले.

ही गेली का परत येत नाई, मले सपष्ट दिसून राह्यलतं.

शकुबाईचं तोंड पांढरंफटक. कशीबशी बोलली, "नंदीले आवतन तर देऊ द्या. बिनआवतनाचा नंदी घराबाहेर काढतेत का?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा लोणी-हळदीनं चोळायचा अन् त्याच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेतकरी माणूस याले नाई कसा म्हणन? रूपराव खाटेवर बसला. शकुबाईनं वाटीत लोणी दिलं अन् पोरीले आपल्याजवळ, उंबरठ्यापाशी घेतलं. मी दाराबाहेरच उभी होती.

पोरीनं नंदीचा खांदा चोळला. त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"आज आवतन घे. उद्या जेवाले येऊ नको. तिथं ढोराच्या कोठ्यात कोंडते. लय अंधार राह्यते. रडलं का अजून कोंडते."

अवं माय!

"झालं? चाल," रूपराव उठला. शकुबाई उठली नाई. तिनं दाराची चौकट दोन्ही हातानं धरली. हात असे कापत होते का दाराची कडी वाजून राह्यलती.

"उठा बाई."

"मले लय भेव वाटून राह्यलं रूपरावजी. पण मी उठत नाई."

तेव्हा तो मऊ आवाज कुठं गेला कोण जाणे! "अवदसे, उठतं का तुडवू?" त्यानं पाय आपटला, तो नंदीवर. चाक तुटून माह्या पायापाशी आलं. पोरगी ओरडलीबी नाई. तिनं नुसत्या चपला छातीशी धरल्या. तिले ही आदत होती, हे त्या घडीले किसनरावजीलेबी समजलं.

"किसनरावजी," शकुबाई म्हणे, "आधी याले बाहेर न्या. मंग विचारा तिले."

तिनं पोरीले पाठीमागं घेतलं अन् एक माणूस जाईन एवढीच वाट दिली. किसनरावजीनं रूपरावाले दंडाले धरून जीपपर्यंत नेलं. परत आले अन् पोरीसमोर उकिडवे बसले.

"बेटा, आता सांग. जातं का?"

पोरीनं आधी शकुबाईकडं पाह्यलं.

"नाई," पोरगी म्हणाली. मंग जोरात, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईन अशी, "मी नाई जात!"

जीप सुरू झाल्याचा आवाज आला. कोर्टाचा हुकूम तसाच होता अन् पुढचा रविवार येणारच होता, म्हणून भेव काही गेलं नवतं. पण पोरीनं मांडीवरच्या चपला उचलल्या अन् दाराबाहेर, शकुबाईच्या चपलांजवळ नेऊन ठेवल्या.

शकुबाईले मात्र उठताच येईना. मी अन् त्या पोरीनं दोन बाजूनं धरून तिले उंबरठ्यावरून उठवलं.