डोळे न मिटता

फाटकावर कोणी अनोळखी माणूस आला की मामा आधी मिशीवरून उलटा हात फिरवायचे, मग खांद्यावरची रायफल जरा वर सरकवायचे आणि म्हणायचे, "मी हाय ना." बस्स, तेवढ्यानं समोरचा आवाज खाली यायचा. तुम्हीही असे रखवालदार पाहिले असतील. नुसतं बघितलं तरी वाटतं, या माणसानं दोन-चार दरोडेखोर तरी लोळवले असणार.

आमचे मामा ट्रकचं टायर फुटलं तरी केबिनमध्ये शिरायचे.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात होतो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं आणि नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. कारखान्याच्या मागं कालपर्यंत ज्वारीचं रान होतं, तिथं प्लॉटचे दगड रोवले गेले आणि बघता बघता घरं उठली. मामा तिथले फाटकावरचे रखवालदार, सगळेच त्यांना मामा म्हणायचे; मूळचे फुलंब्रीकडचे. घरात आजा-पणजापासून मेंढरं. ओळीनं दोन वर्षं पावसानं दडी मारली, चारा संपला, तशी मेंढरं विकून ते शहरात आले. कारखान्याला स्वतःची रायफल असलेला माणूस हवा होता, आणि मामांकडं रायफल होती. सिल्लोडच्या जिनिंगवर राखण करणाऱ्या चुलत्याची, वारशानं आलेली, लायसनसकट. ती चालवता येते का, हे कोणी विचारलं नाही. मामांनीही सांगितलं नाही.

चारेक वर्षं असंच निभावलं. मग नवे मॅनेजर आले आणि त्यांनी फर्मान काढलं की बंदूकवाल्या रखवालदारानं दरवर्षी पाच गोळ्या झाडून दाखवायच्या. चार तरी कागदाला लागल्या पाहिजेत, नाहीतर घरी जायचं. मी कॉलेजात एनसीसीत बरी नेमबाजी केली होती, म्हणून मामांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुदत दोन महिने.

मैदान शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी होतं. खासगी रखवालदारांना ते फक्त रविवारी मिळायचं. पहिल्या रविवारी स्कूटरवर मागं बसलेल्या मामांनी माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं की मुलगी इथंच नर्सिंगला आहे, होस्टेलात राहते, अजून दोन वर्षं आहेत. "ती नर्स होऊस्तोवर मला ऱ्हाऊ द्या साहेब. मग हाकला." पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली, हे खरं.

पहिली गोळी कुठं गेली देवाला ठाऊक. दुसरी समोरच्या मातीत. त्यांचं काय चुकतंय ते मला कळलं होतं, पण त्यांना पटत नव्हतं. म्हणून तिसऱ्या वेळी मी त्यांच्या नकळत रिकामं काडतूस भरलं, आत दारूच नसलेलं. मामांनी चाप ओढला. खट्. एवढाच आवाज. पण मामांचा खांदा उडाला, नळी हातभर खाली गेली, डोळे गच्च मिटले, दात दिसले. थोड्या वेळानं एक डोळा उघडून ते म्हणाले, "लागली का साहेब?"

बाजूचे रखवालदार पोट धरून हसले. मीही हसलो, आता लाज वाटते. मामांनी रायफल शांतपणे खाली ठेवली, टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

मी मूळचाच उतावळा. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये रोज जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या रायफलीचा सराव लावला. नळीवर आठ आणे ठेवायचे आणि नाणं न पडता चाप ओढायचा. नाणं पडलं की मी ओरडायचो. गोळी सुटण्याआधीच तुम्ही आवाजाला भिता, आवाज नंतर येतो, हे शंभरदा सांगायचो. मामा "व्हय, व्हय" म्हणायचे आणि नाणं टणकन फरशीवर पडायचं. महिना असाच गेला. परीक्षा जवळ आली तसा मी जास्तच तोंड सोडायला लागलो.

एकदा मी इतका भडकलो की म्हणालो, जाऊ द्या मामा, मेंढरंच बरी होती तुम्हाला. त्यांना राग आला नाही. ते फरशीवर बसले आणि सांगू लागले. रानात गारा पडायला लागल्या, वीज कडाडली की मेंढरं बिथरतात. तेव्हा मेंढक्यानं पळायचं नसतं. मधोमध उभं राहायचं आणि हळू आवाजात बोलत राहायचं, काहीही. "मेंढरू आवाजाला नाय भीत साहेब. मेंढका दचकला की भेतं."

मी म्हणालो, "मग तुम्ही कधी दचकला नाहीत?"

"तवा मला येळच नसायचा," मामा म्हणाले.

मी नाणं उचलून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, आता तसंच बोला, या रायफलीशी बोला, माझ्याकडं लक्षच देऊ नका. त्यांनी गाल दस्त्याला लावला आणि ओठातल्या ओठात "ऱ्हाय, ऱ्हाय, ऱ्हाय बाई" असं पुटपुटायला लागले. बोट इतकं सावकाश मागं येत होतं की चाप कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही. आठ आणे नळीवरच होते.

पुढच्या रविवारी खऱ्या गोळ्यांत मी दोन रिकाम्या मिसळल्या. रिकामीवर चाप ओढला तरी नळी हलली नाही. परीक्षेच्या दिवशी पाचही गोळ्या कागदात बसल्या. परतताना मामांनी मला जालना रोडवर थांबवून उसाचा रस पाजला. मुलीला सांगायला होस्टेलवर गेले, ते मिशीला तेल लावून. मला स्वतःलाच बक्षीस मिळाल्यासारखं वाटत होतं.

पुढचा उन्हाळा सगळ्यात वाईट. कारखान्याची बोअर आटली, पण आम्हाला रोज दोन टँकर यायचे. मागच्या वस्तीला एकही नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी टँकर आत शिरला आणि त्याच्या मागोमाग बायका, पोरं, हंडे, कॅन असा लोंढाच फाटकावर आला. फाटक लावून घेतलं. लोखंडावर हंडे आपटायला लागले. मॅनेजर वरच्या खिडकीत होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "जा, त्याला सांग हवेत एक गोळी झाड म्हणावं. पांगतील."

मी धावत गेलो आणि निरोप सांगितला. मामांनी काडतूस भरलं, रायफल वर केली. फाटकावरचा आवाज एकदम बंद झाला. नळी आभाळात अगदी स्थिर होती आणि मी, काय सांगू तुम्हाला, त्या वेळी मी त्यांचा हात बघत होतो. मनात म्हणालो, वा.

मामांनी रायफल खाली घेतली. काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"पैले डोळे मिटून उडवली असती साहेब," ते म्हणाले. "आता डोळे उघडे ऱ्हातेत. पुढं लेकरं हायेत. बार झाला की समदी मागं फिरतील अन् तीच तुडवली जातील."

आणि त्यांनी फाटकाची कडी काढली. लोक धावले नाहीत. मामांनी त्यांना ओळीत बसवलं, आणि अर्धा टँकर तासाभरात संपला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. मॅनेजरांनी मला एकच विचारलं, गोळी झाडायचा निरोप तू नीट दिला होतास का? मी "हो" म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात. लेकरांचं मात्र मी बोललो नाही. मलाही नोकरी होती, नवा प्लॉट घेतला होता. जबाबाचा कागद पुढं आला, मी सही केली. मामा माझ्याकडं बघत होते. त्यांना त्याच दिवशी काढलं. संध्याकाळच्या एसटीनं ते गेले, मी फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही.

चैन मात्र पडेना. दिवाळीनंतर एका रविवारी स्कूटर काढून त्यांच्या गावी गेलो. मामा घरी नव्हते. कुणाची तरी मेंढरं घेऊन पैठणकडं गेले होते, चारा असेल तिकडं. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, घोंगडी अंथरली. रायफल विकली, तिच्यावर पोरीचं शिक्षण निघेल, असं सांगताना त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मी कारखान्यातून आलोय म्हटल्यावर त्या एकदम सावरून बसल्या. म्हणाल्या, तिथं एक साहेब होते, त्यांनी यांना लई जीव लावून बंदूक शिकवली. हे मेंढरांमागं निघताना अजून त्यांचं नाव घेतात, आमच्या भावकीतल्या माणसानं केलं नसतं म्हणतात.

"तुमीच का ते?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "ते दुसरे."