काराकोरमला सहाच्या आतलं जेवण

भोकरदनच्या शाळेत मी जन्मभर इतिहास शिकवला. मंगोलांचा धडा आला की काराकोरम आलंच. त्यांची जुनी राजधानी, जी पुढं मोडली आणि तिच्याच दगडांतून बौद्ध मठ उभा राह्यला. हे मी इतकं रंगवून सांगायचो, पण पाह्यलेलं काहीच न्हाई, आणि ते जीवाला लागायचं. मुलाचं बियाण्याचं दुकान हाय. कंपनीनं चांगल्या विक्रीबद्दल दुकानदारांना सहल दिली, औंदा नेमका मंगोलिया. सुनेनं तिची जागा मला दिली. मठात आत जायचं आणि तो दगड हातानं चाचपायचा, माझं मागणं बस् एवढंच होतं.

सोबत सगळे नव्या जालन्याचे व्यापारी. माणसं लाख मोलाची, पण पोटाची चिंता भारी. स्वयंपाकी महाराज, शेगडी, पापडाचे डबे, सगळं बरोबर आणल्तं. बरेच जण दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत न्हाईत. नेम तो नेम, माझं काही म्हणणं न्हाई. पण गाडी निघाल्यापासून थांबूनच राह्यली. कधी चहा, कधी घोड्यासोबत फोटो. मी आपला घड्याळ बघून चरफडत होतो.

मठाची पांढरी भिंत दिसली, आणि आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या शेटजींनी गाडी थांबवली. साडेपाच वाजल्ते. जालन्यात हीच जेवायची वेळ, म्हणून इथंही हीच. गाइड मुलगी मोडक्या हिंदीत सांगत होती की मठ सहाला बंद होतो, आणि उन्हाळ्यात इथं दिवस नऊनंतर मावळतो. मी शेटजींना म्हटलं, आधी मठ बघू, मंग निवांत जेवू. ते म्हणाले, "परमुलखातल्या सूर्याचा काय भरवसा, मास्तर?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलाकडं पाह्यलं, तर साहेब पुऱ्या वाढून राह्यल्ते. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, यांच्याशी रोजचा धंदा हाय, दादा, जरा दमानं घ्या. असा संताप आला की ताट भिरकावून द्यावं. न्हाई दिलं. गपगुमान कढी प्यालो. ती झकास झाल्ती, त्याचा आणखीनच राग आला.

पोचलो तर दाराला कुलूप. गाइडनं आत फोन लावला, कुणाकुणाला विनवलं, पण बिलकुल जमलं न्हाई. दुसऱ्या दिवशी पहाटेच परत निघायचं होतं. म्हणजे संपलंच. बाकीचे दारासमोर फोटो काढत होते आणि मी नुसता कुलपाकडं बघत उभा होतो. ऊन लख्ख पडल्तं.

शेटजी शेजारी येऊन थांबले. कपाळावर हात धरून त्यांनी वर बघितलं, मंग घड्याळ बघितलं.

"दिवस तर अजून बराच हाय की, मास्तर. मंग आपण एवढी जल्दी कशाला केली?"

मला सगळ्यांदेखत रडू कोसळलं, अगदी हुंदके देऊन. शेटजी घाबरले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला कढी बाधली. त्यांनी महाराजांना हाक मारून ओव्याचं पाणी मागवलं, पेला स्वतः माझ्या तोंडाला लावला आणि मायेनं पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "घ्या, दिवस मावळायच्या आत पिऊन घ्या."