शकूनं वाचून दाखवलेलं पत्र

साहित्य माणसाला मुक्त करतं, हे वाक्य शकूच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी उच्चारलं. सभा वेल्ह्याला, ती जिथं एकतीस वर्षं इंग्रजी शिकवत होती त्या शाळेच्या सभागृहात होती. वाऱ्यानं दार सारखं आपटत होतं म्हणून शिपायानं त्याला बाहेरून कडी घातली होती, त्यामुळं तिघांचंही शेवटपर्यंत ऐकल्यावाचून कुणाची सुटका नव्हती. तिसऱ्या वक्त्यानं तिला ‘फ्रेंच भाषेची गाढी पंडिता’ म्हटलं. या तालुक्यात शकूचं फ्रेंच ऐकून समजलेली मी एकटीच. मला बोलायला सांगितलं होतं, पण मी नको म्हटलं. गप्प बसण्याचा माझा सराव जुना आहे.

ती गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. फुलांच्या चौकटीत तिचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, आणि खाली हात जोडलेली वीस-पंचवीस चित्रं. झोपेतच गेली म्हणे. पाच आठवडे झाले...

आम्ही भेटलो पुण्याला, विद्यापीठात. मी भोरची, वकिलाची मुलगी. ती वेल्ह्याजवळच्या पासलीची, घरी भातशेती. इंग्रजी आणि फ्रेंच साहित्य एकत्र शिकण्याची तेव्हा सोय होती आणि तिचा लाभ घेणारे आम्ही नऊ जण होतो. सकाळी इंग्रजी, दुपारी फ्रेंच. बाकीच्यांना फ्रेंच कशासाठी ते सांगता यायचं. कुणाला विमान कंपनीत जायचं होतं, कुणाचे काका तिकडं होते. शकू म्हणायची, “इंग्रजी काय, आता समद्यांनाच येतंय. आपल्याला अशी भाषा पायजे, जी गावात कुणालाच कळणार न्हाई.” वेल्ह्याच्या एसटीत बसून आम्ही फ्रेंचमधून सहप्रवाशांची यथेच्छ निंदा करायचो. एकदा कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, “कानडी का?” शकू म्हणाली, “व्हय, बेळगावकडची.” शब्दकोश आम्हा दोघींत एकच होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत भांडण नको म्हणून तिनं तो शिवणीतून उसवला. पहिला अर्धा पासलीला नेला, दुसरा मला दिला. त्या सुट्टीत माझं फ्रेंच फक्त उत्तरार्धात सुधारलं.

दोन साहित्यांची तुलना करा, असं आमचे प्राध्यापक वारंवार सांगत आणि नंतर ती स्वतःच करून दाखवत. एकदा त्यांनी चुकून शकूला विचारलं. ती उभी राहून म्हणाली, “सर, इंग्रजी कादंबरीत बाईचं शेवटी लग्न होतं, अन् फ्रेंच कादंबरीत लग्नापासनं सुरुवात होते. अडकती दोन्हीकडं.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. पुढं एका परिसंवादात त्यांनी हेच वाक्य प्रमाण मराठीत वापरलं.

शेवटच्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच जागेसाठी अर्ज केला. फ्रान्समधल्या एका लहान गावच्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला जायचं होतं. माझं उत्तर जूनमध्ये आलं. एकच पातळ कागद होता, दिलगिरीचा. शकूचं आलं जुलैमध्ये, पासलीच्या पत्त्यावर, ऐन लावणीत. मी तेव्हा दोन दिवस तिच्याकडं राहायला गेले होते, मदतीला. म्हणजे मी लावलेली रोपं तिची वहिनी माझ्यामागून येऊन पुन्हा लावत होती. त्या उन्हाळ्यात शकूच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. आई आतल्या खोलीत पडून असायची आणि तिचं सगळं शकू करायची. वहिनीला सातवा महिना होता.

आम्ही शेतावरून आलो तर तिचे वडील, आबा, पडवीत पाकीट मांडीवर घेऊन बसलेले. शेजारी तिचा थोरला भाऊ किसन.

“वाच,” आबा म्हणाले. “मोठ्यानं वाच. काय म्हंत्यात फ्रान्सवाले?”

शकूनं हात पुसले, पाकीट उघडलं आणि उभ्यानंच वाचायला लागली. फ्रेंचमधून, वरच्या पत्त्यापासून खालच्या सहीपर्यंत, एक ओळ न गाळता. तिची निवड झाल्याचं कळवताना त्यांना आनंद होत होता. ऑक्टोबरपासून शाळा, राहायला खोली. सोबतचा दुसरा कागद तिनं न उलगडता पाकिटात सारला.

“न्हाई झालं, आबा,” ती मराठीत म्हणाली. “जागा भरल्यात म्हंत्यात.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. “व्हय का गं, पोरी? तुला बी येतंय न्हवं ह्ये?”

आतल्या खोलीतून तिची आई काहीतरी पुटपुटली. शकू माझ्याकडं बघत नव्हती.

“हो आबा,” मी म्हणाले. “जागा भरल्यात.”

मैत्रिणीचं गुपित राखलं, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. ऐकायला बरं वाटतं. पण ‘हो’ म्हणताना माझ्या छातीवरचं ओझं किंचित उतरलं होतं, हेही खरं आहे. त्या शाळेत मी जाणार नव्हते. आता तीही जाणार नव्हती. परतताना ती मला सोडायला एसटीपर्यंत आली तेव्हा मी फ्रेंचमध्ये विचारलं, का? ती मराठीत म्हणाली, “खरं सांगितलं असतं तर आबांनी पाठवलंच असतं मला.” त्यानंतर आम्ही फ्रेंच कधी बोललो नाही. ती वेल्ह्याला शिक्षिका झाली, मी भोरच्या कॉलेजात. आईचं तिनं अकरा वर्षं केलं, मग आबांचं. लग्न राहून गेलं. दोन साहित्यांचा अभ्यास केलेली बाई ‘हे मांजर आहे’ इंग्रजीत शिकवत राहिली, आणि चांगलं शिकवत राहिली.

शोकसभेनंतर किसनदादा मला पासलीला घेऊन गेले. चहा झाला. मग म्हणाले, “वसूताई, आबांना म्हाईत व्हतं.”

“काय?”

“पत्रातलं. आत एक इंग्रजी कागद व्हता. आबांनी पाकीट वेल्ह्याला नेऊन हेडमास्तरांकडनं वाचून घेतलं, अन् भाताचं शीत लावून परत चिकटवलं. पोरीला सोताच्या तोंडानं सांगू दे म्हणाले.”

“मग ती नाही म्हणाली तेव्हा बोलले का नाहीत?”

“बोलणारच व्हते. आदी तुमाला इचारलं.” ते कपाकडं बघत होते. “तुमी बी तेच म्हणला. मग आबा म्हणाले, शिकलेल्या दोघीबी एकच सांगत्यात, म्हंजी हिचंच मन न्हाई. कशाला रेटायची... तिला म्याबी कदी बोललो न्हाई.”

दोष देण्याचा सूर त्यात नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते आत जाऊन एक स्वेटर घेऊन आले. मरून रंगाचा, घोंगडीसारखा जाड. शकू दर पावसाळ्यात तो घालून शाळेत जायची आणि मी दरवर्षी तिला चिडवायचे, “अगं, इथं काय बर्फ पडतोय?” ती म्हणायची, “आबांनी आणलाय.” हेडमास्तरांनी तिकडच्या थंडीचं सांगितलं तेव्हा आबांनी तो भोरच्या बाजारातून आणून ठेवला होता, असं किसनदादा म्हणाले. ती शाळेत लागेपर्यंत तो कणगीमागं होता. मग पावसात येऊ-जाऊ करते म्हणून तिला दिला.

आता तो माझ्याकडं आहे. भोरमध्ये तो घालण्याइतकी थंडी पडत नाही.