सगळे नंबर जुळले

हवालदार मोहिते माणसाला नाव विचारत नसत, नंबर बघत. अल-खोबरच्या कॅम्पात पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन उभा, नाव सांगायला तोंड उघडलं, तर हे गृहस्थ माझ्या गळ्यातला बिल्ला उलटा करून बघताहेत. "चारशे बारा. बरं. काय वो चारशे बारा, जेवलासा का?" तेव्हापासून मी चारशे बाराच. आईनं हौसेनं ठेवलेलं नाव गेलं वाऱ्यावर.

साताऱ्याकडचे होते. लष्करात बंदुका दुरुस्त करण्यात हयात घालवलेली आणि तेलाच्या त्या भरभराटीत सगळ्यांसारखेच वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आलेले. पण आमचे कफील, म्हणजे मालक, अबू फहद यांना जुन्या जर्मन रायफलींचा भारी नाद. जर्मनांनी पहिल्या महायुद्धात तुर्कांना दिलेल्या आणि तुर्कांबरोबर या वाळवंटात आलेल्या रायफली ते कुठून कुठून गोळा करत आणि मजलिशीत, पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीवर टांगत. कुठली अस्सल, कुठली भेसळीची, ते ठरवायचं काम हवालदारांकडे आलं. नळीवर, बोल्टवर, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावर, आणि दस्त्यावर एकच नंबर हवा. शिक्क्यांवरून अंगठा फिरवत, भिंग लावत ते पुटपुटायचे, "चेहऱ्यावर भुलायचं न्हाई. नंबर काय म्हनतोय ते बघायचं."

अबू फहदच्या तोवरच्या एकाही रायफलीचे नंबर जुळत नव्हते. का, तेही हवालदारांनी मला समजावलं होतं. "तुर्कांनी हत्यारं खाली ठेवली तवा आधी गोळ्या काढल्या, मग बोल्ट काढून एका ढिगात टाकलं. परत बसवताना ज्याला जो घावला, त्यो त्यानं बसवला."

मी स्टोअरकीपर. नवी रायफल आली की आधी माझ्याकडे. हवालदारांची शिस्त अशी, की बोल्ट उघडायचा, आत करंगळी घालून बघायचं, मग चिठ्ठीवर 'रिकामी' लिहून सही करायची आणि ती चिठ्ठी चापाच्या कडीला बांधायची. "बंदूक भरलेलीच आसती. रिकामी आपन करायची," हे त्यांचं पालुपद. गॅसच्या सिलिंडरबद्दल हेच, गप्प बसणाऱ्या माणसाबद्दलही हेच. आम्ही जाम हसायचो.

एका गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या दुपारी, एक रायफल आली. मला समुद्रावर फिरायला जायची घाई. बोल्ट गंजून घट्ट बसलेला. दोन हिसके दिले, हलेना. मग मी काय करावं? नळीला डोळा लावून बघितलं! हो, डोळा लावून. अंधार दिसला. म्हटलं, इतक्या वर्षांत आत काय राहणार आहे डोंबल! लिहिलं 'रिकामी', ठोकली सही आणि निघालो.

दुसऱ्या संध्याकाळी मजलिशीत आठ-दहा पाहुणे होते. मी समोर उभा राहून हवालदारांचं बोलणं अरबीत सांगत होतो. नळीवरचा नंबर त्यांनी वाचला. बोल्टच्या मुठीवर तोच. दस्त्यावर तोच. "सगळे जुळत्यात," ते म्हणाले, मी सांगितलं आणि पाहुण्यांत 'माशाल्ला, माशाल्ला' सुरू झालं. अबू फहद तर लहान मुलासारखे उठले आणि त्यांनी रायफल उचलली.

हवालदारांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. नंबर जुळले, म्हणजे ही रायफल त्या ढिगात गेलीच नव्हती. म्हणजे तिच्यातल्या गोळ्याही कुणी काढल्या नव्हत्या. हे त्यांना त्या क्षणी उमगलं. मला नाही उमगलं, आणि चिठ्ठी तर मीच लिहिलेली!

अबू फहदनी हसत हसत रायफल खांद्याला लावली, माझ्या छातीवर रोखली, "यल्ला, हिंदी!", म्हणजे चल रे हिंदुस्तानी, म्हणाले आणि बोट चापाकडे नेलं. फाडकन आवाज झाला. हवालदारांनी कफीलाच्या मनगटावर मूठ हाणली होती. रायफल गालिच्यावर पडली. कामगारानं मालकावर हात उगारला, तोही पाहुण्यांदेखत!

हवालदारांनी खाली वाकून चिठ्ठी तोडली, खिशात घातली. रायफलीचं तोंड रिकाम्या अंगणाकडे केलं आणि तेल मागितलं. कितीतरी वेळ तेल सोडत, तळहातानं ठोकत राहिले. शेवटी बोल्ट सरकला आणि हिरवं पडलेलं काडतूस टपकन गालिच्यावर पडलं. ते कदाचित उडालंही नसतं. कदाचित उडालं असतं. अबू फहदनी ते उचललं, माझ्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसले.

तिसऱ्या दिवशी हवालदारांना एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का, मिळालं. माणसाचा जीव वाचवल्याबद्दल घरी पाठवणी! अबू फहदनी मला स्वतः सांगितलं, "त्याचं बरोबर होतं. पण माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर. तो हात आता मला रोज दिसेल." मला संताप आला होता, पण बोललो का मी? छे! चिठ्ठी कुणाची, हे कुणी विचारलं तर?

विमानतळावर हवालदारांनी खिशातून ती चिठ्ठी काढून माझ्या हातावर ठेवली. 'रिकामी', आणि खाली माझी ऐटबाज सही. शरमेनं मला त्यांच्याकडे बघवेना.

"हवालदार, ही दाखवली असतीत तर कदाचित तुमच्याऐवजी मला घालवलं असतं."

"आन् तुमच्या जागी दुसरा आला आसता. त्योबी न बघताच लिवनार. तुमी आता न बघता लिवनार न्हाई." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. चार पावलं गेले आणि वळले.

"सही वाचली म्या. दत्ताराम व्हय तुमचं नाव? चांगलं हाय. त्ये लिवायच्या आधी बघत जावा."