मेलेल्या पोराच्या डोळ्यांत मिरची

मेलेला पोरगा उठून बसला. स्टेजवर, सगळ्यांच्या देखत. दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबल्या आणि ओरडला, "माय वं, मन्हा डोया."

मी त्याची आई. माझा हात तसाच हवेत, खाली पहिल्या रांगेत बाहेरून आलेले परीक्षक सर पेन उघडून बसलेले, आणि माझं डोकं एकदम कोरं. पंधरा दिवस भाकरी थापताना पाठ केलेले शब्द, सगळे गेले. कारण ते ओरडणं नाटकातलं नव्हतं. ते का झालं तेही मला त्याच क्षणी कळलं.

पोरगा म्हणजे आमच्या वर्गातली मावशी. वय पंचेचाळीस, गावात आशाताई म्हणून आरोग्याचं काम करते, अंगानं भरलेली. पण हलल्याशिवाय पडून राहायला तिच्याशिवाय कोणालाच जमेना, म्हणून आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी तिला मेलेला पोरगा केलं. तालमीत ती घोरायची सुद्धा. म्हणायची, लग्न झाल्यापासून दुपारची आडवी पहिल्यांदा होतेय, ती पण मेल्यावर.

आमचा मुक्त विद्यापीठाचा वर्ग रविवारी भरतो, नंदुरबारला. माझी शाळा नववीत सुटली, मग लग्न, मग लेक. बारावी नसली तरी एक परीक्षा देऊन पदवीला बसता येतं हे मला मावशीनंच सांगितलं होतं. सासू हो म्हणाली, पण अट घालून. "पास व्हई दखाड. नही ते मंग पोरले धरी बस." ती दिवसभर माझ्या आठ महिन्यांच्या लेकीला सांभाळते, तिचं म्हणणं चूक कसं म्हणू. एकदा नापास झाले की संपलं. आणि ह्या वर्षी साहित्याच्या पेपराचे निम्मे मार्क त्या नाटकाच्या एका प्रवेशावर होते.

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी, सूडाचं. सरांनी आमच्यासाठी मराठीत करून दिलेलं. राजाच्या घरचेच लोक एका बाईच्या पोराला मारतात, न्याय कोणी देत नाही, मग ती बाई स्वतः सूड घेते. शेवटी इतकी माणसं मरतात की उचलायला कोणी उरत नाही. पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा लेक मांडीवर होती. पोराच्या प्रेताचं पान आलं आणि मी पुस्तक मिटलं. तिला सासूजवळ देऊन आले, मग वाचलं. मांडीवर जिवंत लेकरू घेऊन ते वाचवत नाही.

पण मला ती बाई कळली होती. सरांनी वर्गात विचारलं, ती लगेच सूड का घेत नाही, एवढं का थांबते. सगळे म्हणाले घाबरते. मी म्हटलं, नाही सर, मी पथारीवर, मिरची वाळवायच्या मैदानात, कामाला जाते, तिथे मिरची आली की लगेच पोत्यात भरत नाहीत, उन्हात पसरून ठेवतात, ओली भरली तर बुरशी धरते. ती राग वाळवतेय. सरांनी तेच फळ्यावर लिहिलं. त्या दिवशी मी घरी आले ती ताठ मानेनं.

आणि घोळ झाला तो त्याच मिरचीचा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी पथारीवर देठ खुडायला बसले होते. उठले, साबणानं हात धुतले, तेल चोळलं. पण मिरची हातातून संध्याकाळशिवाय जात नाही, हे पथारीवरच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मी माझ्या लेकीच्या तोंडाला दिवसा हात लावत नाही. पाजायचं झालं तर सासू तिला धरून छातीला लावते आणि मी हात पाठीमागे बांधून बसते. इतकी सवय. आणि तिथे विसरले.

कारण मावशीनं त्या दिवशी शहाणपणा केला. परीक्षकांना खरं वाटावं म्हणून डोळे उघडे ठेवून मेली. मी मांडीवर डोकं घेतलं आणि बघते तर डोळे छताकडे. आमच्याकडे मेलेल्या माणसाचे डोळे उघडे ठेवत नाहीत. माझ्या बापाचे मीच मिटले होते. हात आपोआप गेला. दोन्ही पापण्यांवरून फिरवला, सावकाश.

मग ते ओरडणं.

कोणीतरी पाणी आणायला पळालं. मी म्हटलं पाणी नको, पाण्यानं आग पसरते. पडद्याआडून सर मला हातानं सांगत होते, पुढे बोल, थांबू नको. प्रवेश पुन्हा करायला मिळणार नव्हता. परीक्षकांचं पेन कागदावर टेकलेलं. आणि मावशी माझ्या मांडीत तोंड खुपसून पाय आपटत होती.

पथारीवर कोणाच्या डोळ्यांत मिरची गेली की अंगावर पाजणाऱ्या बाईला हाक मारतात. मी लोकांकडे पाठ केली. डोक्यावरून पदर ओढला, उरलेला पदर दुहेरी करून हाताला गुंडाळला, मिरची लागायला नको म्हणून, आणि त्या पंचेचाळीस वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत दूध पिळलं. आधी एका, मग दुसऱ्या.

हळूहळू तिचे पाय थांबले. पदराखालून म्हणाली, "मी गावभर सांगत फिरस, डोयामा दूध टाकू नका. कोणले सांगू नको." मग जरा वेळानं, "आते मरी जाऊ का?"

"मर," मी म्हटलं.

ती मेली. मी वळले, आणि शब्द आपले आपण आले. पोराच्या अंगावर हात ठेवून आई जी शपथ घेते ती पूर्ण, एक अक्षर न चुकता. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

संपल्यावर परीक्षकांनी बोलावलं. म्हणाले, ते दुधाचं कोणत्या पानावर आहे, मला सापडत नाही. मागून सर मान हलवत होते, म्हणजे सांग की आम्हीच बसवलं. मावशी सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. ती आशाताई आहे हे मी सांगितलं नाही. म्हटलं, "कोणत्याच पानावर नाही, सर. माझ्या हाताची मिरची होती. पण त्या बाईला दूध असतं तर तिनं पण हेच केलं असतं."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पेन बंद केलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

निकाल अजून यायचाय. सासू रोज विचारते आणि मी रोज सांगते, पास होणार. मला खात्री आहे. फक्त लेक रात्री झोपली की थोडी भीती वाटते. तुम्ही सांगा, मांडीवर जळत्या डोळ्यांची बाई, समोर पेन घेतलेला माणूस आणि घरी एकाच वेळेची परवानगी. तुम्ही आधी काय केलं असतं?