पाणी पिणारी म्हातारी

“मावशी, अजून थोडं वाकून. पाठ दिसू दे.”

सर मॉनिटरसमोर बसून बोलत होते. मावशी म्हणजे माझी आई. ती आप्पांच्या मळ्यातल्या घरापुढं, ओट्याच्या खाली, ओंजळ धरून उभी होती. ओट्यावर आप्पा, हातात तांब्या. त्यांनी वरून पाणी ओतायचं, आईनं ते ओंजळीतून प्यायचं. सीन एवढाच.

मी अंगणातच होते. दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात बूम. म्हणजे लांब काठी आणि तिच्या टोकाला माइक. कानाला हेडफोन. माइक आईच्या डोक्यावर धरलेला, म्हणून आई मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त जवळ होती. तिचा श्वास ऐकू यायचा. पाणी गिळतानाचा घशाचा आवाज यायचा. ती ठसकली की माझ्या कानात ठसकायची.

कुंपणाला गावातली माणसं उभी होती. शूटिंग बघायला आलेली. त्यातलं कुणीतरी म्हणालं, “आप्पांना शिकवावं लागंना! हात बसलाय त्यांचा!”

सगळे हसले. आप्पाही हसले. सरसुद्धा हसले.

आई हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि पुन्हा ओंजळ धरली.

हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं. हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आम्ही तळेगाव ढमढेऱ्याचे. वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर. वडील मी लहान असतानाच गेले. आई लोकांच्या मळ्यात भाजी तोडायला, खुरपायला जायची. आप्पांच्याही. त्यांच्या मळ्यात जाताना ती पाण्याची बाटली घरून भरून न्यायची. उन्हाळ्यात दोन न्यायची. तिथं माठ होता, फिल्टर होता. तरी आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया घरूनच बाटल्या न्यायच्या. का, ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, मळ्यातलं पाणी खारट असेल.

बारावीनंतर मी शिरूरला एका फोटो स्टुडिओत लागले. मालक आप्पांचे पुतणे. त्यांना सगळे दादा म्हणायचे. आधी मी अल्बम चिकटवायचे, मग लग्नात लाइट धरायला जायला लागले. हळदीला, बायकांच्या घोळक्यात गडी माणूस कॅमेरा घेऊन शिरला की बायका आखडतात, म्हणून दादांनी माझ्या हातात कॅमेरा दिला. मी शिकत गेले. फोकस, एक्स्पोजर, कुणाच्या चेहऱ्यावर किती थांबायचं. मला ते काम फार आवडायचं. घरी आले की आईला तासभर सांगत बसायचे. तिला त्यातलं काही कळत नसावं. ती भाकरी थापता थापता “मंग?” म्हणायची.

आणि एक दिवस पुण्याहून सर आले. खरी फिल्म करणारे. लोकेशनसाठी दादांकडं आले होते. दादांनी मळा दिला, गाड्या दिल्या, हाताखाली माणसं दिली. त्यात मी. फिल्म आजच्या गावातल्या जातीबद्दल होती. सर शांत बोलायचे, सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला म्हणाले, “तू आमच्याबरोबर राहा. साउंड शीक. चांगलं काम केलंस तर पुण्याला पुढच्या फिल्मलाही घेईन.” मी हवेतच होते.

त्यांनी माझं घर बघायला मागितलं. मी हौसेनं घेऊन गेले. आईनं आदल्याच दिवाळीत भिंती रंगवून घेतल्या होत्या. मोरपंखी. रंग तिनं स्वतः दुकानात जाऊन निवडला होता. सर दारात उभं राहून बघत राहिले. मग त्यांच्या आर्टच्या, म्हणजे सेट लावणाऱ्या मुलीला म्हणाले, “स्पेस छान आहे. फक्त फार स्वच्छ आहे.”

दोन दिवसांनी आर्टची माणसं आली. फ्रिज बाहेर काढला. गॅस बाहेर. खुर्च्या बाहेर. मग मोरपंखी भिंतीवर चहाचं पाणी, माती आणि काजळी कालवून फासली. ब्रशनं. चूल मांडली. आई दारात उभी राहून बघत होती. भिंतीवरच्या तसबिरींना एका पोरानं हात घातला तेव्हा ती पुढं झाली. म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. मी काढते.” दोन्ही तसबिरी तिनं पदरात गुंडाळल्या आणि शेजारच्या घरी ठेवून आली.

मी सरांना म्हटलं, “सर, आमच्याकडं असं कुणीच राहत नाही आता.”

“मला माहितीये,” ते म्हणाले. “पण प्रेक्षकाला फील व्हायला पाहिजे ना.”

म्हाताऱ्या बाईची भूमिका करणारी नटी आजारी पडली म्हणून सरांनी आईला विचारलं. म्हणजे मला विचारलं, आईला विचार म्हणून. आईनं सीन ऐकून घेतला. मग म्हणाली, “असं आता कोन पितंय?”

मी परत जाऊन सरांना तेच सांगितलं. बाटलीचंही सांगितलं. म्हटलं, आता बाया घरून बाटली नेतात, सर, तेच दाखवा की. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाटलीत व्हिज्युअल नाहीये गं.”

मी घरी येऊन म्हटलं, “आई, तुला नको असंल तर नको.” आई म्हणाली, “तुझं शिकायचं काय हुईल मंग?” मग ती म्हणाली, “नाटकच हाय न्हवं? करते.”

तर ते नाटक.

बूम धरणारा मुलगा त्या दिवशी गावाला गेला होता, म्हणून काठी माझ्या हातात आली होती. माझा पहिलाच दिवस. आईला नेसायला एक फाटकं लुगडं दिलं होतं, केसांना राख लावली होती. टेकवर टेक चालले होते. कधी सावली आडवी यायची, कधी विमान जायचं, कधी आप्पांचा तांब्या चुकायचा. पाणी आईच्या तोंडावर, छातीवर सांडायचं. लुगडं पिळून पुन्हा उभं राहायचं. दर वेळी सर म्हणायचे, “सुंदर. अजून एकदा.”

आणि मग एका टेकला आप्पांनी पाणी ओतता ओतता मधेच तांब्या उचलून धरला. आई ओंजळ धरून तशीच वाकलेली. आप्पा म्हणाले, “लांब सर की गं! शिवशील!”

हे वाक्य कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि बरोबर त्या सुरात आलं.

माझ्या कानात आईचा श्वास थांबला. खरंच थांबला. मग एक बारीक आवाज आला. रडण्याचा नव्हता. लहान पोराला अंधारात कुणी एकदम हाक मारल्यावर येतो, तसा. तो आवाज तिथं फक्त मला आणि साउंडवाल्याला ऐकू आला.

“कट! वा आप्पा, वा!” सर उठून टाळ्या वाजवत आले. “हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं! हे ठेवतोय आपण. मावशी, तुमची रिअॅक्शन पण कमाल. असंच. फक्त अजून एकदा, क्लोजमध्ये.”

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती पुन्हा जागेवर जाऊन वाकली.

“साउंड?”

“रोलिंग.”

“अॅक्शन.”

मी काठी खाली आणली. हळूहळू, मुद्दाम. आईच्या आणि आप्पांच्या मधोमध.

“बूम! बूम फ्रेममध्ये आलाय! कट!”

मी ती वर नेली नाही. हेडफोन काढून मातीत ठेवले, शेजारी काठी ठेवली. आईचा हात धरला. तो गार पडला होता.

“आता न्हाई,” मी म्हणाले. एवढंच सुचलं.

सर जवळ आले. आवाज चढवला नाही त्यांनी. “हे बघ, तुझ्या भावना मी समजू शकतो. पण आपण हे तुमच्याच लोकांसाठी करतोय.”

दादा मात्र कुंपणापासून ओरडले, “आरं, कशाला देता यांना काम! डोकं फिरायला येळ न्हाई लागत!”

आप्पा ओट्यावर बसून तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायले.

आम्ही घरी आलो. घरी गेल्या गेल्या ते लुगडं सोडून तिनं आपली साडी नेसली आणि भिंत घासायला घेतली. काजळी गेली, पण रंगही गेला. मी म्हटलं, आपण परत रंगवू. ती म्हणाली, “तू कशाला मधी पडलीस? आलंच व्हतं की संपत. तुझं शिकनं गेलं.”

मला वाटलं होतं ती म्हणेल, बरं केलंस. ती तसं कधीच म्हणाली नाही.

दादांनी दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणून निरोप पाठवला. शिरूरच्या बाकीच्या स्टुडिओंतही माझ्यासाठी काम नव्हतं. दौंडला माझी सख्खी मावशी राहायची. तिचा नवरा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये. मी तिच्याकडं गेले आणि दौंडच्या एका स्टुडिओत एडिटिंगला बसले. लग्नं, वाढदिवस, रेल्वेतल्या लोकांचे निवृत्तीचे समारंभ, जयंतीची मिरवणूक. दिवसभर स्क्रीनसमोर. खरं शिक्षण तिथं झालं. कट कुठं मारला की माणूस चांगला दिसतो आणि कुठं मारला की तोच माणूस मूर्ख दिसतो, हे बोटांना कळायला लागलं. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात. कॅमेऱ्याला काय, जो एडिटिंगच्या टाइमलाइनवर बसतो तो बोलतो.

सुट्टीला तळेगावला जायचे. आईवर मोबाइल धरला की ती पदरानं तोंड झाकायची. आधी कधीच झाकत नव्हती. “आई, नुसतं बस. काही करू नको.” तरी झाकायची. वस्तीत कुणाचं लग्न असलं आणि व्हिडिओवाला जवळ आला की उठून आत जायची. मी धरलेल्या कॅमेऱ्यालाही ती भ्यायला लागली होती.

मग तिला काविळीनं धरलं. आधी गावठी औषध, मग शिरूरचा दवाखाना, मग पुण्याचा. परत आणलं ते गाडीतून, झाकून.

फोटो आहेत तिचे. आधार कार्डाचा आहे, माझ्या शाळेतला एक आहे. पण हलणारी, बोलणारी आई माझ्याकडं कुठंच नाही. शेकडो लोकांच्या आया मी शूट केल्या. माझी आई फक्त सरांच्या फिल्ममध्ये आहे.

फिल्मचा शो पुण्यात होता. मी एकटी गेले. मागच्या रांगेत बसले. आई पडद्यावर आली, केवढी तरी मोठी. राख लावलेली, वाकलेली. “लांब सर की गं! शिवशील!” माझ्या शेजारची बाई रुमालानं डोळे टिपत होती. आणि तो बारीक आवाज होता. मी धरलेल्या माइकमधून गेलेला. त्यांनी तो वाढवून घेतला होता. मागं बासरी लावली होती.

शेवटी नावं वर सरकायला लागली. आप्पांचं पूर्ण नाव होतं, गावासकट. दादांचे आभार होते. आईच्या नावाच्या जागी लिहिलं होतं: पाणी पिणारी म्हातारी.

आई पंचेचाळिशीचीसुद्धा नव्हती.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गर्दी ओसरल्यावर मी सरांना भेटले. त्यांनी ओळखलं. आई गेल्याचं सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. खोटे नव्हते ते डोळे, मी बघितलंय. मी म्हटलं, “सर, सीनच्या आधी लाइट लावताना आई बाजेवर बसून आर्टच्या ताईशी बोलत होती. हसत होती. कॅमेरा चालू होता तेव्हा. तेवढं मला द्या.”

“अगं, तो डेटा आता कुठला! फायनल एडिट झाल्यावर हार्ड डिस्क रिकाम्या करतात.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पण असं बघ ना, आम्ही त्यांना अमर केलंय.”

मग म्हणाले, “पुढची फिल्म करतोय. मोठं बजेट आहे. तू ये. तुझ्यासारखी मुलगी टीममध्ये असली की वस्तीतले लोक मोकळे होतात.”

“आईचं नाव काय होतं, सर?” मी विचारलं.

ते थांबले. आजूबाजूला बघितलं. कुणीतरी सांगेल असं त्यांना वाटलं असावं.

“नाही येणार मी,” मी म्हणाले आणि निघाले. स्वारगेटपर्यंत चालत गेले. रडू दौंडच्या गाडीत बसल्यावर आलं.

आता माझ्याकडं माझा कॅमेरा आहे. जुना घेतलेला, पण माझा. मला लोक विचारतात, तू तुझ्या वस्तीवर फिल्म का करत नाहीस? तुझ्याकडं तर सगळं आहे. दुःख आहे, चेहरे आहेत.

वाकलेल्या माणसाची फिल्म सगळेच काढतात. तिला टाळ्या पडतात, बक्षिसं मिळतात. तांब्या धरणाऱ्यावर कुणी क्लोजअप लावत नाही. फ्रेममध्ये त्याचा नुसता हात असतो, वरून येणारा.

मी तो क्लोजअप लावणार आहे. आप्पांकडं जाऊन आले. म्हटलं, आप्पा, तुमची मुलाखत घ्यायचीय. ते वाक्य तुम्हाला कुणी लिहून दिलं नव्हतं, ते कुठून आलं, ते तुमच्या तोंडून सांगा. त्यांनी मुलाला हाक मारली आणि मला गेटच्या बाहेर घालवलं. दादांचा फोन आला, गावात राहायचंय ना तुझ्या लोकांना?

राहायचंय. म्हणूनच.

मी आप्पांकडं पुन्हा जाणार आहे. ते बोलले तर त्यांचं बोलणं घेईन. नाही बोलले तर गप्प बसलेला चेहरा घेईन, डोळे दुसरीकडं जाईपर्यंत. गेटच्या आत येऊ दिलं नाही तरी बाहेरचा रस्ता सगळ्यांचा आहे. ट्रायपॉड तिथं लावीन. कट कधी म्हणायचं, ते मी ठरवीन.