खिळासुद्धा ठोकायचा नाही

"मुन्शीजी, मी आहो ना अजून?"

आमच्या ऑफिसच्या दारात चपला काढून, नुसती मान आत घालून तो हेच विचारायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. नवा पक्षकार बाकड्यावर बसलेला असला तर दचकायचाच, की एवढा धडधाकट माणूस आपण आहोत की नाही हे वकिलाच्या मुन्शीला काहून विचारतो? मी फाईल न उघडताच सांगायचो, "आहात. पुढच्या तारखेपर्यंत आहात." की स्वारी खूश. मग आत येऊन बसायचा आणि बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायचा.

त्याला विचारायचं असायचं ते इतकंच, की त्याच्या जागेवरचा स्टे अजून चालू आहे ना. मोहाडीच्या बाजारात त्याचं दुकान होतं. फवारणीचे पंप आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. पुढं दुकान, मागं एक खोली, त्यात तो आणि त्याची बायको. घरमालकाला ती जागा आपल्या मुलाच्या मोबाईलच्या दुकानासाठी हवी होती. खालच्या कोर्टानं मालकाच्या बाजूनं निकाल दिला आणि जागा खाली करायला सांगितलं. आम्ही भंडाऱ्याला जिल्हा कोर्टात अपील टाकलं आणि त्याचा निकाल लागेपर्यंत स्टे मिळवला. पण कोर्ट काही फुकट देत नाही. स्टे मिळाला तो अटींवर.

आता माझं पाप सांगतो. त्या अटी त्याला वाचून दाखवायचं काम माझ्याकडं होतं. भाडं दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत कोर्टात भरायचं, जागा तिऱ्हाईत इसमाच्या ताब्यात द्यायची नाही, जागेत कसलाही फेरफार करायचा नाही. तो प्रत्येक अटीला मान डोलवत होता. तीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो आहे, जो पक्षकार मान डोलवतो त्याला काही म्हणता काही समजलेलं नसतं. म्हणून मी जरा डोळे वटारून म्हटलं, "समजलं का? खिळासुद्धा ठोकायचा नाही!"

हुकमात खिळ्याचा ख नव्हता. आपलं बोलायच्या ओघात तोंडातून निघून गेलं. त्यानं मात्र तेवढंच वाक्य पदरात बांधून घेतलं.

महिनाभरानं बायकोच त्याला घेऊन ऑफिसात आली. बाई बोलायला मोठी खमकी. "मले एक आरसा लटकवाचा आहे जी, तर हा मानूस म्हनते कोर्टाची मनाई आहे. कोर्टाले माह्या आरशाचं काय करा लागते?"

मी हसलो. म्हटलं, "ठोका हो. एका खिळ्यानं काय होते?"

तो माझ्याकडं असा पाहायला लागला, जणू मीच समोरच्या पार्टीला सामील झालो. "तवा तर तुमीच सांगतलं होतं!"

तेवढ्यात आतून आमचे वकीलसाहेब ओरडले, "नको रे बाबा, कशाला उगाच? मालक फोटो काढून कोर्टात लावेल." झालं! माझ्या जिभेला साहेबांचा शिक्का बसला.

"मंग आरसा तूच धर," बाई नवऱ्याला म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

तुम्हाला वाटेल, रागात बोलली असेल. नाही हो! त्या दिवसापासून रोज सकाळी ती स्टुलावर बसून वेणी घालायची आणि हा समोर आरसा धरून उभा. ती म्हणायची, "वर धर. वर म्हनलं ना! पंप धरून राहिला का?" पुढच्या तारखेला त्यानं स्वतःच मला खांदा चोळत सांगितलं, "हात दुखते जी, मुन्शीजी. पन अट मोडली नाही."

बाकीच्या अटीही त्यानं अशाच पाळल्या. मुलगी अड्याळला दिलेली. दिवाळीत जावई मुक्कामाला आला, तर यानं त्याला पाहुणचार केला, पोटभर जेवू घातलं आणि अंथरूण दिलं शेजारच्या हॉटेलच्या बाकावर. का, तर जावई तिऱ्हाईत इसम! जावई दोन दिवाळ्या मोहाडीला फिरकला नाही.

एकदा सकाळीच त्याचा फोन आला. "मुन्शीजी, लिहून घ्या. छपराचं कवेलू सरकलं. मी नाही सरकवलं, माकडानं सरकवलं. पंचासमक्ष सांगून राहिलो." मी म्हटलं, "मग ते कौल नीट करून घ्या ना." तर म्हणे, "मी हात लावला तर मंग माकडात अन् माह्यात काय फरक जी?" साहेबांना सांगितलं तर त्यांचा चहा नाकात गेला. म्हणाले, त्या माकडाला पार्टी करा अपिलात. पावसाळाभर नवरा-बायकोनं त्या गळतीखाली घमेलं ठेवलं.

अपिलाच्या तिसऱ्या वर्षी बाई गेली. ताप आला, भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात आणली आणि चार दिवसांत खेळ आटोपला. तेरवी झाल्यावर तो तारखेला आला. चपला काढल्या, मान आत घातली, पण विचारलं काहीच नाही. मीच म्हटलं, "आहात हो, आहात." तेव्हा आत आला.

नंतर मी काही कामानं मोहाडीला गेलो होतो म्हणून दुकानात डोकावलो. बाईचा फ्रेम केलेला फोटो पंपांच्या फळीवर भिंतीला टेकवून ठेवला होता. हारही घातलेला. दोन्हीकडे पंप, मध्ये बाई. फळी जरा हलली की फोटो घसरायचा आणि हा धावत जाऊन सरळ करायचा.

मीही एकदा तो सरळ केला. म्हटलं, "अहो, ठोका आता खिळा. माझ्या जबाबदारीवर ठोका."

तो म्हणाला, "जित्तेपनी आरशासाठी मांगत होती, तवा नाही ठोकला जी. आता ठोकला तर ती काय म्हनंन?"

माझ्याच वाक्यामुळं हे सगळं. लाज वाटली मला.

घरमालक माणूस वाईट नव्हता. तोही एकदा अटी मोडल्या का ते पाहायला आला आणि फळीवरचा फोटो पाहून तिथंच थबकला. म्हणाला, "अरे, वहिनीले असं पंपात काहून ठेवलं? ठोक ना एक खिळा!" हा म्हणाला, "लिहून देता का, मालक?" मालक तयार झाला. पण त्याच्या वकिलानं त्याला झापलं, की खबरदार, एका अक्षरावर सही करशील तर! मालक खाली मान घालून परत आला. "माहा वकील नाही म्हनते रे." "माहा बी नाही म्हनते," हा म्हणाला. मग दोघांनी मिळून चहा घेतला. फोटो फळीवरच राहिला.

सहा वर्षांनी अपिलाचा निकाल लागला. आम्ही हरलो. जागा खाली करायला दोन महिन्यांची मुदत मिळाली. साहेब त्याला धीर देत म्हणाले, "घाबरू नका. नागपूरला वर हायकोर्टात जाऊ. पुन्हा स्टे मिळेल."

त्यानं विचारलं, "त्या इस्टेले बी अट राह्यते का जी?"

"अर्थात. अटीशिवाय कसा मिळणार?"

"अन् आता या दोन महिन्यांत?"

साहेबांनी हुकूम उलटापालटा करून पाहिला. "यात तसं काही लिहिलेलं नाही."

"मंग नोको नागपूर," तो म्हणाला.

साहेबांना वाटलं, फीसाठी मागं हटतो. त्यांनी फी सोडतो म्हणून सांगितलं, मी हात जोडले, अहो, डोक्यावरचं छप्पर जातं आहे तुमच्या! तो ऐकेना. कोर्टातून निघाला तो सरळ हार्डवेअरच्या दुकानात. मी मागोमाग. दुकानदार म्हणाला, सुटे देत नाही, पाव किलो घ्या. "एकच लागते जी," हा म्हणाला, आणि घेतला एकच.

दोन महिने बाई भिंतीवर होती. मग त्यानं फोटो उतरवला, सामान बांधलं, मालकाच्या हातात चावी दिली आणि अड्याळला मुलीकडे निघून गेला. ज्या जावयाला बाकावर झोपवलं होतं, तोच टेम्पो घेऊन आला.

मागच्या महिन्यात मोहाडीला गेलो होतो. त्या जागेत आता मोबाईलचं दुकान आहे. भिंती निळ्या, काचेचं शोकेस, सगळं चकाचक. आणि त्या निळ्या भिंतीवर तो खिळा, रिकामा. मालक गल्ल्यावर बसला होता. मी खिळ्याकडं पाहतो आहे हे त्याच्या लक्षात आलं.

"पेंटर उपटत होता. मी म्हनलं, राहू दे बापा, कोनाले खुपते?" तो म्हणाला. "तो येते ना महिन्यातून एखाद्या बाजाराले. आत नाही येत. रस्त्यावरूनच इचारते, 'मालक, आहे ना अजून?' मी म्हनतो, आहे. की चालला."

मग गल्ला बंद करत म्हणाला, "आता पाच-सहा महिने झाले, दिसला नाही. तुमच्याजवळ त्याच्या पोरीचा नंबर असंन ना?"

नंबर आहे माझ्याकडं. फाईलच्या पुठ्ठ्यावरच लिहिलेला आहे. रोज काढतो, पाहतो आणि ठेवून देतो. खरं सांगतो, भीती वाटते. मी फोन लावला नाही, तोवर तो आहे.